गाडी घेतली, आता जीपीएस कोणता?

वस्तीत कोणी गाडी घेतली की तिचे कागद आमच्याकडे येतात. कर्जाचा करार असो, विम्याचा फॉर्म असो की परमिटचा अर्ज, "तुम्ही बी. कॉम. झालेले, तुम्हीच बघा," असे म्हणून मंडळी निश्चिंत होतात. दिवसा कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी वस्तीत कारकुनी, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. गेल्या काही दिवसांत या कागदांबरोबर एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. गाडी तर घेतली, आता तिला जीपीएस कोणता घ्यावा?

प्रश्न ऐकून आम्हाला आधी बरेच वाटते. ज्यांच्या वडिलांनी हमाली केली, हातगाडी ओढली, त्यांची मुले आज ईको, पिकअप, छोटा टेम्पो घेऊन स्वतःचा धंदा करीत आहेत. पण गाडी हप्त्याची असते. हप्त्याच्या गाडीला चुकलेले प्रत्येक वळण महाग पडते. हिशेबच मांडायचा तर रोज चार किलोमीटर वाकडी वाट झाली, महिन्यात पंचवीस दिवस गाडी फिरली, तर शंभर किलोमीटर झाले. गाडी किलोला वीस किलोमीटर देत असेल तर पाच किलो सीएनजी फुकट जळाला. वेळ गेला आणि गिऱ्हाईक रागावले, ते वेगळेच. म्हणून हा विषय कौटुंबिक पानावर मांडत आहोत, कारण हप्ता सगळे घर मिळून भरते.

आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाने नाशिकात ईको घेतली. शाळेची मुले, दवाखान्याच्या खेपा, लग्नसराईची भाडी असा त्याचा धंदा आहे. गाडी घरी आली त्या दिवशी त्याने बिल आमच्या हातात दिले आणि विचारले, "मामा, बिलात जीपीएसचे पैसे लावलेत. मग गाडीत त्याचा पडदा कुठंय?"

इथेच पहिला घोळ आहे. बाजारात जीपीएस या एकाच नावाने दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक तुम्हाला रस्ता दाखवते. दुसरी तुम्ही कुठे आहात ते दुसऱ्याला दाखवते. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत गाडीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि संकटात दाबायचे बटण असावे लागते. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना त्यातून वगळले आहे. या यंत्राला एआयएस-१४० असे म्हणतात. त्याला पडदा नसतो, नकाशा नसतो. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी ते बसवलेले असते आणि त्यातल्या सिममधून गाडीची जागा कळवीत राहते. प्रवाशांच्या, विशेषतः बायाबापड्यांच्या सुरक्षिततेसाठी ते चांगले आहे. पण ते चालकाला रस्ता सांगत नाही. भाच्याच्या बिलात जे होते ते हेच.

याच जातीचे आणखी एक यंत्र काही कर्ज देणारे लोक गाडीत बसवून घेतात. हप्ता थकला की गाडी कोणत्या गल्लीत उभी आहे हे त्यांना बसल्या जागी कळते. काही यंत्रांत तर दुरूनच इंजिन सुरू होऊ न देण्याची सोय असते. करारात तसे कलम असेल तर सही करण्यापूर्वी वाचावे. सवारी घेऊन दवाखान्याकडे निघालेली गाडी मध्येच बंद पडणार नाही ना, हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. तेव्हा दुकानात कोणी जीपीएस म्हणाले की आधी एकच विचारायचे: हा माझ्याशी बोलणार आहे, की माझ्याबद्दल दुसऱ्याशी?

आता रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसकडे येऊ. तो चालतो कसा, हे थोडे समजून घेतले तर दुकानदाराची निम्मी बडबड आपोआप गळून पडते.

जीपीएस ही अमेरिकेची व्यवस्था आहे. तिचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात. व्यवस्था चालायला निदान २४ उपग्रह लागतात. पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि पूर्ण व्यवस्था १९९५ साली कामाला लागली. उपग्रह आपल्याला पाहतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. उपग्रह फक्त एवढेच सांगत राहतो, की मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. हा निरोप आपल्या यंत्रापर्यंत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढते. चार उपग्रहांचे निरोप मिळाले की जागा निश्चित होते. निरोप प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर येतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकले तरी ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणून त्या उपग्रहांत अणुघड्याळे बसवलेली असतात. आमच्या कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळावर हे काम सोपवले असते तर भाचा नाशिकऐवजी कुठे निघाला असता कोण जाणे!

या निरोपाला पैसे लागत नाहीत. तो आकाशवाणीसारखा सर्वांना फुकट आहे. पूर्वी अमेरिकेचे लष्कर सामान्य माणसांसाठीचा निरोप मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे जागेत शंभर मीटरपर्यंत चूक येई. मे २००० मध्ये ते बंद झाले आणि तेव्हापासून साध्या माणसाच्या यंत्रालाही काही मीटरच्या आत जागा कळू लागली. रशिया, युरोप आणि चीन यांच्याही अशाच व्यवस्था आहेत. आपल्या इस्रोने 'नाविक' उभी केली, तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. आजचे बहुतेक फोन यांपैकी एकाहून अधिक व्यवस्थांचे निरोप घेतात.

याचा अर्थ असा, की जागा ओळखण्याचे काम दहा हजारांचा फोन आणि पंधरा हजारांचा पडदा जवळजवळ सारखेच करतात. फरक पडतो तो नकाशात. जागा आकाशातून कळते, पण रस्ता नकाशातून कळतो आणि नकाशा माणसांनी बनवलेला असतो. हे आम्ही भाच्याला दोनदा समजावून सांगितले, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच अवलंबून होता.

त्याच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, स्वतंत्र जीपीएस यंत्राची. काचेला चिकटवायचा छोटा पडदा, आत साठवलेला नकाशा. गार्मिन आणि टॉमटॉम या कंपन्यांनी परदेशात अशी यंत्रे घरोघरी पोहोचवली. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत फोनवर फुकट रस्ता दाखवण्याची सोय जाहीर केली, तेव्हा या दोन्ही कंपन्यांचे शेअर एका दिवसात कोसळले होते. वाणिज्य शाखेच्या माणसाला अशा गोष्टी लक्षात राहतात. आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे असे एक जुने यंत्र पडून होते. पंधराशेत देतो म्हणाला. भाच्याला मोह झाला. आम्ही म्हटले, आधी चालवून तर पाहू. त्याची नागपूरची एक खेप होती, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या मंडळींची. गाडी समृद्धी महामार्गाला लागली आणि यंत्रातला बाण कोऱ्या जागेतून पळू लागला. रस्ता नाही, गाव नाही, नुसताच पांढरा पडदा! "जमेल तेव्हा मागे वळा," असे ते बाईच्या आवाजात सांगत राहिले आणि गाडीतली मंडळी हसत राहिली. यंत्राचा दोष नव्हता. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. यंत्रातला नकाशा त्याआधीचा होता. जागा बरोबर, नकाशा जुना. असे यंत्र घ्यायचेच असेल तर नकाशा कोणत्या सालचा आहे, नवा कसा भरायचा आणि त्याला पैसे किती, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय पाकिटाला हात लावू नये. डोंगरात जिथे मोबाईलची रेंज नसते तिथे रोज फिरणाऱ्याला ते आजही उपयोगी पडेल. शहरातल्या भाड्याच्या गाडीला त्याची गरज आम्हाला दिसली नाही.

दुसरी वाट म्हणजे मोठ्या पडद्याचा स्टिरिओ. तरुण पोरांचा जीव यावरच असतो. आम्ही, भाचा आणि अक्का असे तिघे एका कार-सजावटीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चकचकीत पडदा लावून दाखवला. किंमत तेरा हजार, बसवणावळ वेगळी.

"साहेब, याला नेट लागत नाही. डायरेक्ट सॅटेलाईट आहे," तो म्हणाला.

आम्ही म्हटले, "मग द्वारका चौकाचा रस्ता दाखवा."

त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला, हॉटस्पॉट सुरू केला आणि मग रस्ता दाखवला. आम्ही काही बोललो नाही. भाच्याकडे नुसते पाहिले. उपग्रहाचा निरोप नेटशिवाय येतो हे त्याचे बोलणे खरेच होते, पण नकाशा नेटवरून येत होता. नेटचे पैसे मात्र भाच्याच्या खिशातूनच जाणार होते. शिवाय स्टिरिओला सहा महिन्यांत काही झाले तर दुरुस्ती कुठे होणार, या प्रश्नावर त्याने "काही होत नाही साहेब" एवढेच उत्तर दिले.

निकाल अक्काने दिला. "एवढा मोठा पडदा लावला तर हा सिग्नलला पिक्चर बघत बसंल. माझ्या पोराची नजर रस्त्यावर राहू दे," ती म्हणाली आणि दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. घरात मोठी गाडी असेल, मागचा कॅमेरा हवा असेल, पैसे हाताशी असतील, त्यांनी असा पडदा खुशाल घ्यावा. त्यात वाईट काही नाही. पण पहिल्या वर्षाच्या हप्त्यांत कापाकापी करून घेण्याची ती वस्तू नव्हे.

तिसरी वाट खिशातच होती, फोनची. बहुतेक घरांनी तीच धरावी असे आमचे मत आहे. मात्र 'फोन आहेच की' असे म्हणून विषय संपत नाही. गूगल मॅप्स किंवा मॅपल्स यांसारखे नकाशे फुकट मिळतात, खर्च येतो तो फोन नीट बसवण्याचा, आणि नेमका तिथेच लोक हात आखडता घेतात. मांडीवर ठेवलेला किंवा हातात धरलेला फोन म्हणजे जीपीएस नव्हे. ते अपघाताला निमंत्रण आहे. कायद्यानेही गाडी चालवताना हातात धरायचा फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. मोटार वाहन नियमांतली ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. म्हणून चांगला घट्ट होल्डर घ्यावा. काचेला चिकटणारे रबरी वाटीचे होल्डर नाशिकच्या मे महिन्यात ऊन लागले की सुटून पडतात, हे आम्ही दोन गाड्यांत पाहिले. पकडीने आवळायचा होल्डर त्यापेक्षा बरा. तो काचेच्या मध्यावर लावू नये, समोरचा रस्ता झाकतो. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, खालच्या बाजूला, मान न वळवता नजर जाईल असा लावावा. उन्हात फोन तापून बंद पडतो, तेव्हा सावली पडेल अशी जागा निवडावी. आणि चार्जर नावाजलेला घ्यावा, कारण नकाशा सुरू ठेवला की फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही.

भाच्याची आणखी एक अडचण होती. भाड्याचे फोन त्याच फोनवर येत. वळणावर आला की फोन वाजे, नकाशा झाकला जाई आणि वळण मागे पडे. भाचीचा कोपऱ्यातून तडकलेला जुना फोन घरात पडून होता. आम्ही तो मागून घेतला. घेण्यापूर्वी एक परीक्षा केली, तीच वाचकांनीही करावी. उघड्या आभाळाखाली उभे राहून मोबाईल डेटा बंद करायचा आणि नकाशा उघडायचा. थोड्या वेळात निळा ठिपका आपल्या जागी येऊन, आपण चालू लागलो की आपल्याबरोबर चालू लागला, तर त्या फोनचा जीपीएस शाबूत आहे. तडकलेला फोन या परीक्षेत उतरला. आता त्यात सिम नाही. नकाशाशिवाय दुसरे ॲप नाही, खेळ नाहीत, व्हिडिओ नाहीत. भाचा आपल्या फोनचा हॉटस्पॉट देतो. नाशिक जिल्ह्याचा नकाशा त्यात घरच्या वायफायवरून आधीच उतरवून ठेवला आहे. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात रेंज गेली तरी रस्ता दिसतो. फक्त वाहतुकीची कोंडी कळत नाही. उतरवलेला नकाशा जुना होतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी तो ताजा करावा. होल्डर, चार्जर आणि एक छोटा स्पीकर मिळून सगळा खर्च दीड हजाराच्या आत बसला.

स्पीकर कशासाठी, असे काहींना वाटेल. रस्ता डोळ्यांनी नाही, कानांनी ऐकायचा असतो. जुन्या गाडीच्या खडखडाटात फोनचा आवाज ऐकू येत नाही आणि मग पोरगा पडद्यात डोकावतो. भाच्याने हिंदी आवाज लावला आहे. नवा फोन किंवा यंत्र घेणाऱ्याने दुकानातच मराठी आवाज लावून दाखवायला सांगावे. आवाज गावांची नावे कशी उच्चारतो तेही ऐकावे, नाहीतर म्हसरूळचे काहीतरी भलतेच होऊन बसते.

दुचाकीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. नकाशात वाहन कोणते ते आधी निवडावे लागते. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना बंदी आहे. मोटारीचा रस्ता निवडून दुचाकीवर निघालात तर नकाशा तुम्हाला नाक्यापर्यंत नेईल आणि तिथून परत फिरावे लागेल.

हे सगळे झाल्यावर आमच्या घरच्यांनी एक प्रश्न विचारला आणि तो आम्हाला सगळ्या दुकानदारी चर्चेपेक्षा मोलाचा वाटला. त्या म्हणाल्या, "रात्री दोन वाजता बाळंतिणीची खेप आली, तर हा दवाखान्याचे नाव टाईप करीत बसणार का?"

खरेच आहे. जीपीएस घेतला की पहिल्या रविवारी घरच्यांनी एकत्र बसून नेहमीच्या जागा त्यात साठवून ठेवाव्यात. भाच्याच्या फोनमध्ये जिल्हा रुग्णालय, दोन प्रसूतिगृहे, रक्तपेढी, रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान, सीएनजीचे तीन पंप आणि शाळेच्या सतरा मुलांची घरे साठवलेली आहेत. ही यादी अक्काने तोंडी सांगितली आणि भाचीने भरली.

घराघरांच्या जागा भरताना मात्र नकाशाची खरी परीक्षा झाली. भाच्याला एकदा लग्नाचे भाडे आले. पत्ता होता भीमनगर. फोनमधल्या नकाशाने एक भीमनगर दाखवले आणि तो वेळेआधी तिथे पोहोचला, तर ते भलतेच निघाले. नवरदेवाकडची मंडळी दुसऱ्या भीमनगरात ताटकळत उभी! महाराष्ट्रात भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर किती आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नावे आपण प्रेमाने ठेवली, पण यंत्राला प्रेम कळत नाही. त्या दिवसापासून भाचा पत्ता विचारतच नाही. "दादा, लोकेशन पाठवा," म्हणतो. गिऱ्हाईकाने आपल्या दारात उभे राहून पाठवलेले लोकेशन हाच खरा पत्ता.

नावांची आणखी एक गोष्ट आम्हाला लिहिलीच पाहिजे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून त्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. ग्रामपंचायतीच्या पाट्या हळूहळू बदलल्या. पण आम्ही अक्काला घेऊन एका गावी निघालो होतो, तेव्हा पडद्यावर त्या वस्तीचे जुने, जातीचे नाव उमटले. अक्का पुढच्या सीटवर होती. तिला अक्षरे हळूहळू लागतात, पण ते नाव तिने लगेच वाचले. ती काही बोलली नाही. भाच्याने विचारले, "मामा, हे कोण लिहितं?" उत्तर असे, की कोणीही लिहू शकतो. आणि म्हणूनच कोणीही बदलूही शकतो. बहुतेक नकाशांत दुरुस्ती सुचवण्याची सोय असते. भाच्याने तिथल्या तिथे, गाडी कडेला लावून, नवे नाव सुचवले. पहिल्यांदा ते स्वीकारले गेले नाही. दुसऱ्यांदा नव्या पाटीचा फोटो जोडला, तेव्हा बदल झाला. नकाशा निवडताना आम्ही यालाही गुण देतो. जो नकाशा दुरुस्त करता येत नाही तो कितीही देखणा असला तरी आपल्या कामाचा नाही. कारण आपल्या वस्त्यांतल्या गल्ल्या बहुतेक नकाशांत अर्ध्यावरच संपतात.

ज्यांच्या घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही, त्यांच्यासाठी टपाल खात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणला आहे. सगळ्या देशाची जमीन चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटली आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरे-अंकांचा क्रमांक आहे. बंगल्याला जसा क्रमांक आहे तसाच पत्र्याच्या खोलीलाही. त्यात नगराचे नाव नाही, गल्लीचे नाही आणि जातीचे तर नाहीच. आमच्या वस्तीत आम्ही तो कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला, लाईट बिलाच्या खिळ्याला अडकवायला सांगत आहोत. अंगणवाडीच्या बाईंनी सर्वांत आधी अडकवला.

आता एक गंभीर बाब. नकाशात रस्ता आहे म्हणून जमिनीवर तो असेलच असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात, कोतूळजवळ, पुण्याहून कळसूबाईला निघालेली मोटार रात्रीच्या अंधारात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. दोघे बाहेर निघाले, चालक बुडाला. नकाशा जवळचा रस्ता म्हणून तोच पूल दाखवत होता. गावातल्या लोकांना पूल पाण्याखाली असल्याचे ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे गेले. त्या पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता. नकाशाला ते ठाऊक नव्हते. दोन्ही ठिकाणी जीपीएसने जागा बरोबर सांगितली होती.

यावर अक्काने भाच्याला एक नियम घालून दिला आहे. अनोळखी रस्ता, रात्र आणि पाणी या तीनपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या, की गाडी थांबवायची आणि माणसाला विचारायचे. माणूस भेटला नाही तर मोठ्या रस्त्याने जायचे, मग दहा किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. सीएनजीचा हिशेब आम्ही वर दिला आहे, पण या दहा किलोमीटरचा हिशेब धरायचा नाही. भाच्याने हा नियम खडूने पाटीवर नाही, तर होल्डरच्या खाली चिकटपट्टीवर लिहून लावला आहे.

परवा तो आला तो नवीनच काम घेऊन. शेजारच्या वस्तीतल्या एका मुलाने पिकअप घेतली आहे आणि त्याला 'तसाच फोनवाला जीपीएस' हवा आहे. शिवाय आमच्या वस्तीतल्या विहिरीमागच्या दोन गल्ल्या अजून नकाशात नाहीत. तिथून रुग्णवाहिकेला फोन केला की चालक मोठ्या रस्त्यावर उभा राहून "पुढे कुठे?" म्हणून विचारतो. भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी येत्या रविवारी त्या गल्ल्या चालत जाऊन नकाशात टाकणार आहेत. आम्हाला त्यांनी दुसऱ्या गल्लीतल्या पाटीचा फोटो काढायचे काम दिले आहे. ती पाटी पावसात पुसट झाली आहे, तेव्हा शनिवारी संध्याकाळी निळा रंग घेऊन जायचे आहे.